गाण्याच्या खोलीला कुलूप

सासू उजव्या अंगानं लुळी पडली तेव्हापासून रुईमेईचं घराबाहेर पडणं कचऱ्याच्या गाडीपुरतं उरलं होतं. दुपार कलता कलता गाडी आपला ठरलेला सूर वाजवत गल्लीच्या तोंडाशी यायची, बायका पिशव्या घेऊन धावायच्या, आणि त्या धावपळीत तिला चार माणसं दिसायची. भाजीचा टेम्पो दारातच यायचा. औषधं नर्स आणून द्यायची. नवरा तेहशिंग समुद्रापलीकडे डोंगक्वान शहरात बुटांच्या कारखान्यात साच्यांचं काम बघायचा, तो वर्षातून दोनदा घरी यायचा, आणि आला की पहिले दोन दिवस झोपून काढायचा. म्हातारीला थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. त्यामुळं तोंगलुओ गावातच रेल्वे फाटकापलीकडे राहणाऱ्या बहिणीकडंसुद्धा रुईमेई कित्येक महिन्यांत गेली नव्हती.

कॉम्प्युटर तेहशिंगनंच आणून ठेवला होता, एकमेकांची तोंडं तरी दिसतील म्हणून. तो म्हातारीच्या खोलीत, शिलाई मशीनच्या टेबलावर होता, कारण रुईमेईचा सगळा दिवस त्याच खोलीत जायचा. नवऱ्याशी बोलणं पाच मिनिटांत संपायचं. "जेवलीस का? आई बरी आहे ना?" एवढं झालं की तो जांभई द्यायचा. पण त्या कॉम्प्युटरवर हिंडता हिंडता रुईमेईला एक दिवस गाण्याची खोली सापडली. ठिकठिकाणची, तिच्याच हाक्का बोलीची माणसं तिथं आपापल्या घरी बसून डोंगरगाणी म्हणायची. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच चालीत जवाब द्यायचा. लग्नाआधी चहाच्या कारखान्यात पानं निवडताना रुईमेई असंच गायची. दुपारी म्हातारीचा डोळा लागला की ती हेडफोन कानाला लावायची आणि तोंडाशी हात धरून हळूच गायची:

"चहाच्या मळ्यात धुकं गं दाट,
दिसेना मला तुझ्या घराची वाट."

मग कानात कुणाचा तरी आवाज यायचा, तिच्या एकटीसाठी. दिवसभरात तेवढी एक गोष्ट तिची स्वतःची होती. कॉफी पिणाऱ्या माणसाला कॉफीची लागते तशी तिला त्या तासाची ओढ लागली.

त्या वर्षी कंदिलांच्या सणानंतर पूर्वजांची थडगी साफ करायला धाकटा दीर तेहफा शिनचूहून आला. जाताना कॉम्प्युटरपुढं बसला आणि त्यानं एक फायरवॉल टाकली.

"हे काय, भावजी?"

"राखणदार आहे, वहिनी. हल्ली वाईट लोक तारेतून घरात शिरतात. आता कुणीही आत यायला लागलं, नाहीतर बाहेर जायला लागलं, की हा तुम्हाला विचारेल, सोडू का अडवू? ओळखीचं नसेल ते अडवायचं. साधी गोष्ट."

रुईमेई इमानदारीत कामाला लागली. पडद्यावर चौकट यायची, तिच्यात इंग्रजी अक्षरांचं कसलं तरी नाव असायचं. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे ओळखीचं नव्हतं. ती 'अडवा' दाबायची. खाली 'पुन्हा विचारू नका' असा चौकोन होता, तोही दाबायची, कारण म्हातारीला पेज भरवता भरवता परत परत उठायचं म्हणजे वैताग. गाण्याची खोली तर तेहफा गेला त्याच दिवसापासून उघडत नव्हती. मग नवऱ्याचा चेहरा यायचा बंद झाला. मग एका सकाळी काहीच उघडेना. पांढरा पडदा, आणि मधोमध 'पान सापडत नाही.'

तिनं आधी मोडेम बघितला. दिवे सगळे हिरवे. टेलिफोन कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीनं लाइन तपासली आणि म्हणाली, "बाई, लाइन एकदम ठीक आहे. अडचण तुमच्या घरात आहे."

"ते मला माहीत आहे," रुईमेई म्हणाली आणि फोन ठेवला.

शाळेसमोर फानचं दुकान होतं. कॉम्प्युटर, पंखे, भाताचे कुकर, सगळं दुरुस्त करायचा. तोही कचरा टाकायला याच गाडीवर यायचा. रुईमेईनं त्याला तिथंच गाठलं.

"फानभाऊ, माझ्या कॉम्प्युटरचं इंटरनेट गेलंय."

"काही नवीन टाकलं होतंत?"

"दिरानं फायरवॉल टाकली."

"मग ती बंद करून बघा. कोपऱ्यात ढालीचं चित्र असेल, त्यावर उजवं बटण दाबा, 'बाहेर पडा' म्हणा. तेवढ्यानं नेट चालू झालं तर चोर सापडला." गाडी पुढं सरकली तशी त्यानं पिशवी आत भिरकावली. "मी आलोच असतो हो, पण..."

पण पुढचं दोघांनाही माहीत होतं. नवरा बाहेरदेशी असताना घरात परका पुरुष आलेला म्हातारीला चालत नसे.

रुईमेईनं घरी येऊन ढालीवर बटण दाबलं. 'बाहेर पडा.' चौकट आली: पासवर्ड? तिनं फानला फोन लावला. तो म्हणाला, मग प्रोग्रॅम मुळापासूनच काढून टाका. तिनं ते केलं. पुन्हा तीच चौकट, पासवर्ड?

"आता एकच," फान म्हणाला. "उद्या गाडीवर येताना कॉम्प्युटरची पेटी घेऊन या. मी सगळं पुसून नव्यानं भरून देतो."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. फोटो, गाणी, काय असेल ते."

तिनं त्या खोलीतली कितीतरी गाणी साठवून ठेवली होती. "नको," ती म्हणाली. "दिराला विचारते."

तेहफा फोनवर घाईत होता. "लक्षात नाही, वहिनी. ड्रॅगन होड्यांच्या सणाला येईन तेव्हा बघू."

"तोवर मी काय करू? तुमचे भाऊसुद्धा दिसत नाहीत मला."

"फोन आहे की! आणि नेट नसलं म्हणून कुणी मरत नाही."

"भावजी, तुम्ही घातलेलं कुलूप, आणि किल्ली तुमच्या लक्षात नाही?"

तो चिडूनच म्हणाला, "मला कशाला मध्ये घेता? आईला विचारा. तिनंच सांगितलं होतं घालायला."

रुईमेईनं फोन ठेवला. मागं पलंगावर म्हातारी डोळे मिटून पडली होती. दुपार होती, म्हणजे ती झोपलेली असायला हवी होती. पण पापण्या हलत होत्या.

"आई."

रुईमेई पलंगाजवळ जाऊन वाकली.

"आई, तुम्ही जाग्या आहात."

"मी दुपारी कधीच झोपत नाही," म्हातारी डोळे न उघडता म्हणाली. "पडून पडून कुणाला झोप येते?"

रुईमेई ताठ उभी राहिली. म्हणजे एवढे दिवस तिनं तोंडाशी हात धरून गायलेलं सगळं हिनं ऐकलं होतं. "तुम्ही भावजींना काय सांगितलंत?"

"म्हटलं, तुझी वहिनी त्या पेटीतल्या बाप्याला घराची वाट विचारते. मी कानानं ऐकलंय. वर हसते. तुझा नवरा बोलतो तेव्हा कधी हसलीस तशी?"

"ती गाणी आहेत, आई! तुम्हीसुद्धा चहाच्या मळ्यात म्हटली असतील."

"म्हटली होती ना. म्हणून तर कळतं, त्यातनं काय होतं ते!"

"काय होणार होतं? मी पळून जाणार होते?"

म्हातारीनं आता डोळे उघडले. तिचं अर्धंच तोंड हलायचं, त्यामुळं शब्द बाजूनं घसरत यायचे. "गेली असतीस तर मला कुशीवर कुणी वळवलं असतं? तेहफाच्या बायकोनं? ती तर खोलीत येताना नाकाला रुमाल लावते."

तेवढ्यात बाहेर गाडीचा सूर वाजला. रुईमेईनं कचऱ्याची पिशवी उचलली आणि ती बाहेर पडली. पिशवी टाकली. बायका माघारी फिरल्या. रुईमेई फिरली नाही. ती तशीच घरातल्या सपाता घालून चालत राहिली, शाळेवरून, देवळावरून, फाटकापर्यंत. फाटक खाली पडलं होतं. पलीकडे बहिणीची गल्ली दिसत होती. आगगाडी गेली, फाटक वर झालं, मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी तिचा पाय पुढं पडेना. बहिणीकडं जाऊन काय सांगायचं? आणि मग? म्हातारीला आता डाव्या कुशीवर घ्यायची वेळ टळून गेली होती. हा हिशेब तिनं मुद्दाम केला नव्हता. तो आपोआप डोक्यात चालू होता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. तिथं उभ्या उभ्या ती रडली आणि मग घरी आली.

चादर ओली झाली होती. म्हातारी एका हातानं पलंगाची कड धरून पडली होती. रुईमेईनं चादर बदलली, अंग पुसलं, तिला वळवून पाठीला उशी लावली. भिंतीकडं तोंड झाल्यावर म्हातारी बोलली.

"तुझ्या सासऱ्यांच्या ट्रकचा नंबर."

"काय?"

"ते कुलूप. तेहफा म्हणाला, तुला विसरणार नाही असं काहीतरी सांग. मला लिहिता-वाचता कुठं येतंय? पण तो ट्रक मी रोज धुतलाय." तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला. मग म्हणाली, "मला वाटलं, तू आज येत नाहीस."

"मलाही तसंच वाटलं होतं," रुईमेई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फानला फोनवर घेऊन बसली. पासवर्ड चालला. राखणदाराचं दार उघडलं, आणि आत एक लांबलचक यादी निघाली, जवळजवळ सगळ्या नावांपुढं लाल फुल्या.

"वाचून दाखवा," फान म्हणाला.

"मला इंग्रजी येत नाही हो."

"मग अक्षरं सांगा. एकेक."

ती एकेक अक्षराचा आकार सांगत गेली. हे खांबासारखं, हे सापासारखं. फान ऐकता ऐकता हसायला लागला. "अहो वहिनी, हे ज्यातनं तुम्ही पानं बघता तेच तुम्ही अडवलंय! आणि हे पुढचं, पत्ता शोधून देणारं, तेही. मग बिचारं पान कुठून सापडणार?"

"हे मी केलं?"

"दुसरं कोण? दिरानं फक्त एकाला कुलूप घातलंय, ज्याच्यापुढं किल्लीचं चित्र आहे म्हणालात ना, ते. बाकी सगळं तुमच्या हातचं."

रुईमेईनं यादी वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितली. दिरानं सांगितलं आणि तिनं मुकाट्यानं केलं. आपणच आपल्या हातानं एकेक दार लावत गेलो, आणि वर रोज मोडेमचे दिवे बघत बसलो. फान सांगत गेला तशी ती एकेक लाल फुली काढून हिरवी खूण करत गेली. सगळ्यात शेवटी ते किल्लीचं चित्र, गाण्याच्या खोलीचं. तिथं तिनं क्षणभर माउस तसाच धरला, मागं वळून पलंगाकडं बघितलं, आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. पान उघडलं.

"झालं?" फाननं विचारलं.

"झालं. उपकार झाले, फानभाऊ."

"आणि पासवर्ड बदलून टाका," तो म्हणाला. "तेवढं विसरू नका."

तिनं तेव्हाच बदलला.

"कोणता ठेवलास?" पलंगावरून आवाज आला.

"तुमच्या लक्षात राहणार नाही असा."

म्हातारी फुरंगटली. मग म्हणाली, "गायचं तर गा. पण ती कानातली बोंडं काढ. पलीकडचाही आवाज ऐकू दे मला. अर्धं अर्धं ऐकून माणसाच्या मनात काय काय येतं."

त्या दुपारी रुईमेईनं हेडफोनची तार काढली आणि स्पीकर लावला. गाण्याच्या खोलीत नेहमीची मंडळी होती. "अगं, होतीस कुठं? आम्हाला वाटलं आजारी पडलीस!" मेईनोंग गावची एक बाई ओरडली. रुईमेईनं धुक्याचा सवाल टाकला. तिला नेहमी जवाब देणाऱ्या शिनपू गावच्या माणसानं आधी भरपूर खोकून घेतलं, मग जवाब दिला:

"वाट दिसेना तर हाक मार,
माझ्या घराला आहे एकच दार."

आवाज घोगरा, म्हाताऱ्याचा, दम लागलेला. तो बस चालवून निवृत्त झाला होता आणि मागं त्याचा नातू दूध मागत होता.

"हा?" म्हातारी म्हणाली. "ह्याच्यासाठी मी एवढा उपद्व्याप केला? ह्याला तर चालसुद्धा धड येत नाही. दुसरी ओळ वर न्यायची असते, त्याला सांग."

"तुम्हीच सांगा."

"मी परक्या माणसांशी बोलत नाही."

पण पुढच्या दुपारी तिनं सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या दुपारी मेईनोंगच्या बाईला शिव्या घातल्या, आणि हळूहळू खोलीतली माणसं आल्या आल्या विचारायला लागली, "आजीबाई आहेत का?" म्हातारी उशीला टेकून वाट बघू लागली. जेवण झालं की म्हणायची, "लाव ना ती पेटी, उशीर होतोय." तेहशिंगनं हे फोनवर ऐकलं तेव्हा तो खूप हसला, म्हणाला, दोघींचं छान जमलंय.

रुईमेईनं त्याला हो म्हटलं. गाणी चालू होती, हे खरंच होतं. पण आता ती खोलीत जे गायची ते पलंगापर्यंत जायचं, आणि जे यायचं तेही आधी पलंगावर तपासलं जायचं. सवाल टाकताना ती शब्द निवडून टाकू लागली. मध्येच गायची थांबून म्हातारीला वळवायची आणि पुन्हा येऊन बसायची, तोवर तिचा जवाब दुसऱ्याच कुणीतरी दिलेला असायचा. हेडफोन टेबलाच्या खणात पडून होता. एकदा म्हातारीला खरोखरच झोप लागली, तोंड उघडं, घोरणं चालू. रुईमेईनं खण उघडला, हेडफोन काढला, तार बोटांना गुंडाळून ती तशीच बसून राहिली. लावला आणि म्हातारी जागी झाली, तर पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागलं असतं. आणि म्हातारी झोपली आहे की पडून ऐकते आहे, हे तिला आता कधीच नक्की सांगता येणार नव्हतं.

स्पीकरमधून बसवाला विचारत होता, "तोंगलुओची ताई, आहेस का?"

"आहे," रुईमेई म्हणाली. "इथंच आहे."