तांदळातलं नाव

नंदा टिल्लू आमच्या समोर राहायची. लखनौच्या इंदिरा नगरमध्ये तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे आमची मैत्री व्हायलाच हवी होती. ठेंगणी, भरभर चालणारी, पदर कायम कमरेला खोचलेला. आडनावावरून इथली मुलं फिदीफिदी हसायची, कारण हिंदीत टिल्लू म्हणजे बुटका, आणि ही खरोखरच बुटकी. तिनं कधी मनावर घेतलं नाही. उलट निवडणुकीला उभी राहिली तेव्हा स्वतःच भिंतीवर रंगवून घेतलं, ‘टिल्लू आंटी, काम बड़ा’.

पन्नाशीपर्यंत ती नुसती मिसेस टिल्लू होती. नवरा उल्हास, संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ. सज्जन माणूस. त्याची एक सवय सगळ्या संस्थेला ठाऊक होती. वाळवलेल्या रोपाच्या कागदावर तो सही करायचा ती ते रोप जमिनीत उभं असताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच. दुसऱ्यानं आणून दिलं, दहा जणांनी शपथेवर सांगितलं, तरी नाही. ‘ऐकीव गोष्टीवर माझी सही नाही,’ म्हणायचा. लोक या सवयीची थट्टाही करायचे आणि तिच्यासाठी त्याला मानायचेही.

कॉलनीमागच्या नाल्यापलीकडे एक बस्ती होती. तिथे एकच हँडपंप, आणि जेठ महिन्यात तो नुसती हवा ओकायचा. नंदा तिथल्या बायकांची रेशनकार्डं करून द्यायची, त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत जाऊन बाबूंशी भांडायची. पंचाण्णव साली महापालिकेच्या निवडणुका आल्या आणि आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. बाकीच्या पक्षांनी आपापल्या बायका, भावजया, सुना उभ्या केल्या. नंदाला उभं केलं रामकलीनं. ही बस्तीतली धुणंभांडी करणारी बाई, तिच्याकडेच कामाला होती.

“दीदी, फारम भर दो. पानी की लैन नाले के इस पार ले आओ, बस. और हमें कुछ नहीं चाहिए.”

अर्ज भरायला माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसलो. नंदानं कागद लावले आणि सगळ्यात वर बी. ए.ची पदवी ठेवली.

“ही कुणी मागितलीय?” मी म्हटलं.

“कुणी नाही. पण शुभदाताई, लग्नापासून ट्रंकेत पडलीय. एकदा तरी कुणी साहेबानं हातात धरून बघू दे.”

हौस. आपल्या मराठी बायकांना पदवीची ही हौस असतेच, नाही म्हणू नका. पदवीवर नाव होतं उल्का राजाराम करंदीकर. नंदाचं माहेरचं नाव. वडील मिरजेला शाळामास्तर. ती जन्मली त्या पहाटे त्यांना तारा निखळताना दिसला, म्हणून उल्का. सासूबाईंना ते नाव अपशकुनी वाटलं; तारा घरात पडला तर घर जळेल म्हणे. म्हणून लग्नात ताटातल्या तांदळात उल्हासनं अंगठीनं ‘नंदा’ लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले, आणि उल्का संपली. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. माझ्यासाठीही लिहिलं होतंच की.

ती निवडून आली. थोड्या मतांनी, पण आली. बस्तीतल्या बायकांनी तिला हार घालून नाल्यावरच्या फळकुटावरून नाचवत नेलं.

आता शुद्धता मोर्चाबद्दल सांगते. मोटारसायकलींवरून लाठ्या घेऊन फिरणारी टोळी. कोण खरा इथला आणि कोण उपरा हे ठरवायचा मक्ता यांच्याकडे. मतदानाच्या दिवशी त्यांनी बस्तीतल्या दोघांची डोकी फोडली होती. आमच्या वॉर्डात त्यांच्या म्होरक्याची भावजय हरली. आणखी चार-पाच वॉर्डांत त्यांचे लोक पडले. मग लाठ्या बाजूला ठेवून त्यांनी वकील धरले. एका वॉर्डात दावा असा, की बोटाला लावलेल्या शाईत चरबी आहे, म्हणून झालेलं मतदान विटाळलं. दुसरीकडे मतपेटीचं तोंड दक्षिणेला होतं, म्हणजे ते मतदान नव्हे, श्राद्ध! आम्ही हसलो. पेपरवालेही हसले.

नंदावरचा दावा असा होता: नंदा टिल्लू नावाची बाईच नाही. पदवी आहे उल्काची. नंदाचा जन्म कुठे नोंदलेला नाही, शाळेत नाव नाही, आईबाप नाहीत. जी बाई जन्मलीच नाही ती निवडून कशी येईल? तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विजयी घोषित करा.

मुलगी प्रणिता कानपूरहून धावत आली. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र हिंदीत. तिनं आईला विचारलं, “मम्मी, सच में आपका नाम उल्का था? आपने कभी बताया ही नहीं!”

“विषयच निघाला नाही गं,” नंदा म्हणाली.

आमचे वकील रिझवीसाहेब. जुन्या लखनौचे, शेरवानीतले, बोलणं अत्तरासारखं. म्हणाले, “बहनजी, पहली पेशी में फ़ारिग़ हो जाएँगी.” म्हणजे पहिल्याच तारखेला मोकळ्या. पहिली तारीख गेली, दुसरी गेली. निकाल लागेपर्यंत तिनं सभागृहात बसायचं नाही असा हुकूम आला. दोन उन्हाळे गेले. हँडपंप हवा ओकत राहिला. आमच्या गल्लीतल्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं लिहिलं, ‘भूतनी वापस जाओ’. पोरंसोरं नंदाला बघून ‘भूतनी, भूतनी’ ओरडायला लागली. रामकली दर वेळी चुन्याची बादली घेऊन यायची आणि ते पुसायची, तोंडानं अशा शिव्या देत की ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत.

सुनावणीला रिझवीसाहेबांनी तांदळाची रीत समजावून सांगितली. “हुज़ूर, इनके यहाँ दूल्हा चावल पर अँगूठी से दुल्हन का नया नाम लिखता है.”

न्यायाधीशांना गंमत वाटली. “और वो चावल?”

“पक गए होंगे, हुज़ूर.”

मोर्चाचे वकील सक्सेना उठून उभे. “यानी सबूत खा लिया गया!” सगळं कोर्ट हसलं. नंदासुद्धा हसली. मी शेजारीच होते.

लग्न पाहिलेलं माणूस हवं होतं. नंदाचे आईवडील गेलेले, भाऊ गेलेला. मिरजेला एक काकू होत्या, नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. राहिला कोण? ज्यानं नाव लिहिलं तोच. रिझवीसाहेब म्हणाले, डॉक्टरसाहेबांइतका उत्तम साक्षीदार शोधून मिळणार नाही. त्यांनी फक्त खरं सांगावं. उल्हासनं इस्त्रीचा कोट घातला. काय विचारतील, काय सांगशील, हे कुणी त्याला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तीस वर्षांचा संसार!

सक्सेना अगदी अदबीनं बोलत होते.

“डॉक्टर साहब, ये आपकी पत्नी हैं?”

“जी.”

“शुभ नाम?”

“नंदा.”

“शादी से पहले क्या नाम था?”

“उल्का.”

“ये आप इस मुक़दमे के काग़ज़ पढ़कर कह रहे हैं, या आपको ख़ुद याद है?”

उल्हास थांबला. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला. मी त्याला ओळखते. तो त्या वेळी आठवायचा प्रयत्न करत होता, प्रामाणिकपणे, मुळापर्यंत जाऊन. मला ओरडावंसं वाटलं, अरे बाबा, हो म्हण! एवढं एक हो म्हण!

“काग़ज़ में पढ़ा है,” तो म्हणाला. “अपनी याद से नहीं कह सकता. हमारे घर में सब मास्टरजी की लड़की कहते थे. फिर नंदा हो गईं.”

“कभी उल्का कहकर बुलाया?”

“जी नहीं.”

“तो आपने शादी किससे की, डॉक्टर साहब?”

“नंदा से.”

“हम भी यही कह रहे हैं, हुज़ूर,” म्हणून सक्सेना खाली बसले. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. रिझवीसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. नंदा पिंजऱ्यातल्या उल्हासकडे बघत होती, पण रागानं नव्हे. स्टेशनात गाडी शिरल्यावर आपलं माणूस कुठल्या डब्यातून उतरतंय ते शोधावं, तशी.

परतताना टेंपोत आम्ही तिघं. हजरतगंज गेलं, पूल आला.

“मला खोटं बोलता आलं नसतं गं,” उल्हास म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “ते तुम्हाला जमत नाही.”

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, आल्या आल्या भाजी निवडायला घेतली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “शुभदाताई, तांदळात लिहिण्याआधी मांडवात भटजींनी माझं जुनं नाव मोठ्यानं घेतलं होतं. मला पक्कं आठवतंय. मला वाटायचं, ह्यांनी तेव्हा ऐकलं असेल.”

मी मेथी निवडत राहिले.

निकाल विरुद्ध गेला. त्या शाई-चरबीच्या, दक्षिणमुखी पेट्यांच्या दाव्यांना कोर्टानं केराची टोपली दाखवली, ते ठीकच झालं. हिच्या बाबतीत मात्र लिहिलं, की उमेदवाराची ओळख शाबीत झाली नाही. खुद्द पतीलाच ती पटवता आली नाही. जागा मोर्चाच्या म्होरक्याच्या भावजयीला मिळाली. तिनं सभासद झाल्यावर पहिलं काम काय केलं? नाल्यावरचं फळकूट काढून टाकलं. अतिक्रमण म्हणे.

रामकली त्या संध्याकाळी चिखलातून नाला ओलांडून आली. पायऱ्यांवर बसली. “दीदी, एक बात बताओ. हम सबने ठप्पा लगाया था. तो किसको लगाया? जो औरत है ही नहीं, उसको?”

नंदानं तिला चहा दिला.

रिझवीसाहेब घरी आले. टोपी काढून बसले, असे ते कधी बसत नसत. वरच्या कोर्टात जाऊ, म्हणाले, फी नको. मिरजेच्या काकूंची साक्ष त्यांच्या खाटेपाशी जाऊन घेता येते, कायद्यात सोय आहे. उलटेलच निकाल. मीही खूप बोलले तिला. जरा जास्तच बोलले.

“बस्तीचं पाणी अडलंय नंदा, स्वतःपुरतं काय बघतेस!”

“पाण्यासाठी मी अजून भांडेन,” ती म्हणाली. “अर्ज लिहीन, जाऊन बसेन तिथे. पण मी कोण ते आता नाही सिद्ध करणार. ज्यानं सांगायचं त्याला विचारून झालं.”

आणि भांडलीही. सभासदाचा शिक्का नसताना, भूतनी म्हणवून घेत, रोज महापालिकेत जाऊन बसायची. लाइन नाल्यापलीकडे गेली नाही ती नाहीच. एक नवा हँडपंप मिळाला.

घरात भांडण नव्हतं. त्याचा डबा वेळेवर, कोटाला इस्त्री. फक्त पूर्वी ती उल्हासशी अखंड बडबड करायची, ती थांबली. मुकाट्यानं वाढायची.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी उल्हास माझ्या दारात येऊन उभा राहिला. स्वेटर उलटा घातलेला.

“बस ना,” मी म्हटलं. “काय झालं?”

“शुभदाताई, मी किती महिने सराव करत होतो. संस्थेत, एकटा असताना. आज धीर केला. ती आत गहू पाखडत होती. मी हाक मारली. उल्का.”

“मग?”

“तिनं सूप खाली ठेवलं. उठली. चेहरा असा उजळला, मी तो कधी पाहिला नाही. आणि माझ्या शेजारून निघून गेली. फाटक उघडलं. दोन्ही बाजूंना गल्लीत बघितलं. तिला वाटलं, मिरजेहून कुणी आलंय.”

त्यानं चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला.

“परत आली, म्हणाली, कुणी नाही. आणि सूप घेऊन बसली.”

“तू सांगितलं नाहीस? मीच हाक मारली म्हणून?”

त्यानं मान हलवली, नाही म्हणून. समोर फाटक उघडंच होतं आणि आतून गहू पाखडल्याचा आवाज येत होता.