हात न उचलण्याची अट

"सरक बे, लागन!" असं म्हणून तो कोपर मारायचा. म्हणजे आधी मारायचा, मग म्हणायचा. ड्रमवर बसण्याआधी आजूबाजूची हातभर जागा त्याला रिकामी लागे, आणि ती तो अशी करून घेई. मी त्याच्या रॉक बँडचा साउंडवाला. माझ्या बरगड्यांनी ते कोपर पुष्कळ खाल्लं आहे.

तुमच्याही ओळखीचा असा एखादा असेलच, ज्याच्याशी बोलताना आपण एक पाऊल मागे उभं राहतो. फरक इतकाच, की आमचा हा वाजवायला लागला की पोरं खुर्च्यांवर चढायची. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूर, रायपूर, भोपाळ, जिथे आमचं पोस्टर लागे तिथे हॉल फुल्ल. त्याने ड्रमची कातडी फोडली, तशी माणसंही फोडली. नागपुरातल्या जरीपटक्यात गाडी लावण्यावरून एकाला असा हाणला, की त्याचा दात नंतर हेल्मेटात सापडला. आम्ही हसायचो. तेव्हा सगळ्याचंच हसू यायचं.

काटोलच्या कार्यक्रमात हद्द झाली. "ठेका लय पळवून राहिला तू," एवढंच गिटारवाला स्टेजमागे त्याला म्हणाला. याचा शाळेपासूनचा जिगरी दोस्त तो. याने ड्रमच्या लोखंडी पेटीचं झाकण धाडकन त्याच्या डाव्या हातावर आदळलं. दोन बोटं कायमची कामातून गेली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय, हो. तिथेच बँड संपला.

मागच्या वर्षी पुन्हा दौरा काढायचं ठरलं. सगळ्यांची पोटं सुटलेली, पण हौस तीच. ड्रमवर कोण, म्हणून सगळे गिटारवाल्याकडे पाहू लागले. तो म्हणाला, "त्यालेच बोलवा. पण कोणावर हात उचलला, तर त्याच दिवशी बाहेर. मंग मी कोणाचंच ऐकणार नाही."

निरोप घेऊन मीच नंदनवन कॉलनीत त्याच्या घरी गेलो. वाटलं, अट ऐकून आता मलाच हाणतो. तर तो मटकन खाली बसला आणि बाप्पा, रडायला लागला! "त्यानं बोलावलं मले? त्यानं सोता?"

ती दोन बोटं वळत नाहीत, म्हणून एका गाण्यात गिटारवाला सूर बदलताना क्षणभर अडकतो. तालमीत हा नेमका तिथे काठ्या हवेत धरून थांबायचा. उभ्या जन्मात सिग्नलला न थांबलेला माणूस! कपाळाची शीर फुगायची, पण थांबायचा.

"काहून थांबून राहिला गा?" मी विचारलं.

"त्याचे बोटं येऊ दे ना पयले."

पहिला कार्यक्रम नागपुरातच. हॉल गच्च. गाण्यात नेमक्या त्या जागी दोघं थांबले, तर पुढच्या रांगेतला एक दांडगा ओरडला, "अबे लुल्या, वाजव ना!" ड्रममागे याने मान खाली घातली. मग पाण्याची भरलेली बाटली आली आणि गिटारवाल्याच्या त्याच हातावर बसली.

झांजा लाथेने उडवत हा स्टेजवरून खाली. काठी त्या माणसाच्या तोंडावर मोडली, मग नुसत्या मुठी. नाक फुटलं, जबडा निखळला, खुर्ची लाल झाली. चौघांनी ओढलं तरी सुटेना. नुसता बोंबलत होता, "लुला म्हणतं त्याले? ते बोटं मी मोडले बे! मले म्हण! मले म्हण ना!"

गिटारवाला खाली उतरला. त्याचे डोळे भरलेले.

"अट सांगितली होती ना तुले?"

"हो."

"मंग जा."

मला गिटारवाल्याचा असा संताप आला, की सांगता सोय नाही. तो संताप आजही येतो. पण चूक कोणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पोलिसांचं लफडं निस्तरलं, दौरा दुसरा ड्रमर घेऊन चालू आहे. आमचा हा पुन्हा आला नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच रात्री, दवाखान्यात. बोटांची हाडं वर आलेली, हात सुजून भाकरीएवढा.

"त्याच्या हाताले तं नाही ना लागलं जास्त?" त्याने विचारलं.

"नाही. जरासा सुजला."

"मंग वाजवन तो रायपूरले," म्हणाला, आणि आपला हात त्याने डॉक्टरपुढे केला.