मेन स्विच, ई-सिम आणि उमरेडची आजी

तुमच्या उमरेडच्या आजीइतकी बंद करणारी बाई अख्ख्या विदर्भात दुसरी सापडायची नाही. तुम्ही तिला पडद्यावर पाहता तेव्हा ती नुसती हसते आणि "जेवले काय पोरंहो?" एवढंच विचारते, त्यामुळे तुम्हाला ती साधीभोळी आजी वाटत असणार. पुढच्या महिन्यात ती एकटी तुमच्याकडे येते आहे. ती विमानातून उतरायच्या आत हे वाचून ठेवा, म्हणजे नंतर घाबरगुंडी उडणार नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी ती आधी गॅसचं बटण बंद करते, मग सिलिंडरचा रेग्युलेटर काढून खिडकीत ठेवते, मग नळाची मोठी चावी फिरवते आणि शेवटी घराचा मेन स्विच पाडते. नुसतं बटण बंद करण्यावर तिचा विश्वास नाही. "बटण म्हणजे कडी लावल्यासारखं झालं," ती म्हणते, "रेग्युलेटर काढला म्हणजे कुलूप." हे स्वतःच्या घरापुरतं असतं तर मी काही बोलले नसते. पण डॉक्टरांच्या दवाखान्यात आपला नंबर झाला की ती बाहेरच्या खोलीतला पंखा बंद करून येते, मागे दहा माणसं घाम पुसत बसलेली असली तरी. तुमच्या आईबाबांच्या लग्नात तर शेवटची पंगत बसलेली असताना तिने कार्यालयाचा मेन स्विच पाडला होता. अंधारात चाळीस माणसं हातातली जिलबी तशीच धरून बसली, आणि ही शांतपणे म्हणाली, "मले वाटलं, झालं."

ती माझी विहीण, म्हणजे तुमच्या आईची आई. तिच्या तोंडी मी 'ईनबाई' आणि 'तुम्ही'. मीही समोर तिला 'तुम्ही'च म्हणते, फक्त लिहिताना 'ती' म्हणण्याची हिंमत करते. माहेर उमरेडचं, विणकरांच्या घरातलं. वयाच्या बाराव्या वर्षी ती हातमागावर बसत होती. लग्नानंतर नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात आली आणि तुमचे ते आजोबा गेल्यावर पंचवीस वर्षं तिने ती गादी एकटीने चालवली. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ती कापडासारखी विकत घेते. आधी नमुना मागते, उजेडात धरते, दोन बोटांत चोळते, नाक मुरडते आणि दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन परत येते. तुमच्या मामासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलीच्या हातचे पोहे खाण्याआधी तिने मुलीच्या ओढणीचा काठ चोळून पाहिला होता. काठ पक्का निघाला म्हणून लग्न ठरलं, असं आमच्या घरी अजून म्हणतात.

तर दोन वर्षांपूर्वी हिच्या डोक्यात तुमच्याकडे येण्याचं आलं, आणि तेही एकटीने. तुमच्या मामाला, म्हणजे तिच्या मुलाला, ते मुळीच पटलं नाही. "आई, तू सीताबर्डीले गेली तरी मी दोनदा फोन करतो. तिकडे विमान बदलताना हरवली तर मी काय करू?" तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आधी जवळचा देश करून दाखवते." असा आमचा व्हिएतनामचा बेत ठरला. सात दिवस, एका सहल कंपनीबरोबर, मी आणि ती. मामाने अट घातली: रोज नागपूरच्या चार वाजता, दुकानात चहा येतो त्या वेळी, आईचा फोन आला पाहिजे. एक दिवस चुकला तर नातवंडांकडे एकटीने जायचं नाव काढायचं नाही. शिवाय त्याने काळजीपोटी सुचवलं की आपल्याच मोबाइल कंपनीचा परदेशातला पॅक तो स्वतः भरून देईल, तिने फक्त हॉटेलात आणि बसमध्ये बसून राहावं. इथे ती उसळली. "मले पैसे नाही वाचवायचे गा. तू भरलेल्या पॅकवर फिरणं म्हणजे तुह्या दोरीनं फिरणं. मायं इंटरनेट मी घेईन."

आम्ही मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने परदेशाच्या पॅकचा दर सांगितला. हिने नेहमीप्रमाणे नाक मुरडलं.

"हे किती दिवसाचं?"

"दहा दिवसांचं, काकू."

"मले सात दिवसाचं पाहिजे. सात मीटर लागते तर अख्खा ठाण काहून घेऊ? उरलेला कटपीस तू परत घेशील काय?"

"असं परत नाही घेत काकू, इंटरनेट आहे ते."

"मंग नमुना दाखव."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी दाराबाहेरच्या स्कूटरकडे पाहिलं. ही पायरीपर्यंत गेली, पण या वेळी परत आली नाही.

त्या दिवशी मी घरी येऊन बसले आणि सगळं शोधून काढलं. तुम्हाला हे पाठ असेल, पण सत्तरीच्या दोन बायकांसाठी ई-सिम म्हणजे नवलाईच होती: प्लास्टिकचं सिम घालायचंच नाही, ज्या देशात जायचं तिथलं इंटरनेट इथूनच हव्या तेवढ्या दिवसांचं विकत घ्यायचं, ईमेलवर काळ्या ठिपक्यांची एक चौकट येते, ती फोनने टिपली की झालं. आपलं नेहमीचं सिम फोनमध्येच राहतं, फक्त त्याचं इंटरनेट बंद ठेवायचं. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बदलत नाही. आणि किंमत त्या पॅकच्या चौथाईसुद्धा नाही. मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं त्याचं सार्थक झालं. सूचना वाचून मी मराठीत वहीच्या एका पानावर अकरा पायऱ्या नीट क्रमाने लिहिल्या. हिने ते पान दोन बोटांत चोळलं आणि म्हणाली, "हे पक्कं दिसते."

चौकट टिपताना अडलं. चौकट हिच्याच फोनवर आलेली, आणि टिपायची हिच्याच फोनने. फोन स्वतःकडे कसा पाहणार? मी पुन्हा सूचना वाचू लागले, तेवढ्यात ही म्हणाली, "तुमच्या फोननं याचा फोटो काढा ना वं." काढला. मग हिच्या फोनने माझ्या फोनवरची चौकट टिपली आणि ई-सिम बसलं. मी ती युक्ती पायरी क्रमांक सातमध्ये लाल शाईने घातली. एकच पायरी मी लिहिली नाही, कारण कुणी तसं करेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं: एकदा बसवल्यावर याला हात लावू नये.

पहिले तीन दिवस तिचा विजय पाहण्यासारखा होता. विमान उतरलं, तिने बटण सरकवलं आणि बसमधले बाकीचे लोक आपापल्या मोबाइल कंपनीचे जादा दराचे संदेश वाचत कपाळाला हात लावत असताना ही नकाशा उघडून ड्रायव्हरला उजवी-डावी सांगू लागली. चार वाजता, म्हणजे तिथल्या साडेपाचला, तिचा फोन ठरल्या मिनिटाला लागे. "चहा आला काय गा? घे. मी पुलावर उभी आहे. एकटी." तो 'एकटी' ती मुद्दाम म्हणायची, मी तिच्या शेजारीच उभी असायचे. फक्त खोलीवर आलो की तिची चुळबुळ सुरू व्हायची. "हे असंच चालू ठेवता? काढून ठेवू काय?" मी म्हणायचे, "राहू द्या, विहीणबाई." ती राहू द्यायची, पण तिचा जीव रेग्युलेटर न काढलेल्या सिलिंडरपाशी अडकलेला असायचा.

चौथ्या दिवशी होई आन नावाच्या जुन्या गावात माझे गुडघे संपावर गेले. मी हॉटेलच्या दिवाणखान्यात पाय वर करून बसले. हिला कळलं होतं की गावात रेशमाचे हातमाग आहेत. तिने नकाशा लावला, पर्स काखेत मारली आणि निघाली. या वेळी खरोखर एकटी. जाताना आमच्या खोलीचा मेन स्विच पाडून गेली, हे मला नंतर कळलं.

साडेपाच झाले. माझा फोन वाजला. तुमचा मामा.

"मावशी, आई कुठाय? तिचा फोन लागूनच नाही राहिला."

मुलांनो, मी आयुष्यभर खरं बोलण्यावर निबंध लिहून घेतले. त्या क्षणी मी म्हणाले, "आंघोळ करताहेत."

"संध्याकाळी?"

"इथे घाम फार येतो."

फोन ठेवला. मीही तिला लावून पाहिलं, लागेना. हॉटेलचं नाव तिला फक्त फोन पाहूनच सांगता येत होतं, कारण ते नाव आमच्या दोघींच्याही जिभेवर बसत नव्हतं. पाच चाळीसला मामाचा पुन्हा फोन. "अजून आंघोळच?" मी म्हणाले, "केस धुताहेत." तो म्हणाला, "मावशी, खरं सांगा. मी सहल कंपनीले फोन करू काय?" मी म्हणाले, "दहा मिनिटं थांब." त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि मला माझ्या खोटेपणाची जास्त लाज वाटली.

तिकडे काय झालं ते तिने नंतर सांगितलं तसं सांगते. नकाशा लावून ती बरोबर माग असलेल्या घरी पोचली. पोचली म्हणजे काम झालं. आणि शेजारी मी नव्हते. तिने ई-सिमचं बटण बंद केलं. पण बटण म्हणजे कडी. खाली लाल अक्षरांत काहीतरी होतं, तिने ते दाबलं, फोनने खात्री आहे का विचारलं, तिने हो म्हटलं. रेग्युलेटर निघाला, म्हणजे ई-सिमच पुसलं गेलं. घरी जाताना परत लावू, असा तिचा हिशोब. निघताना तेच ई-सिम परत बसवायला गेली तर फोनने साफ नकार दिला. ती चौकट एकदाच चालते.

आता ऐका. ती रडली नाही की ओरडली नाही. ती मागाजवळ परत गेली. तिथे एक म्हातारी विणत होती, आणि तिचा धागा तुटला. हिने पुढे होऊन दोन बोटांत तो सांधला. म्हातारीने गाठ पाहिली, हिच्याकडे पाहिलं आणि बाकावरून सरकून जागा करून दिली. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. मग हिने फोन दाखवला, हात जोडले, आकाशाकडे बोट केलं. म्हातारीच्या सुनेने भिंतीवरचा वायफायचा कागद आणून समोर धरला. हिने पर्समधून माझं वहीचं पान काढलं, मांडीवर पसरलं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. नवीन ई-सिम तिने स्वतः विकत घेतलं, उरलेल्या तीनच दिवसांचं, कटपीस. सातव्या पायरीला तिने आपला फोन सुनेपुढे धरून फोटो काढायची खूण केली. ती चौकट टिपली गेली तेव्हा म्हणे घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाच पन्नासला तिने मामाला व्हिडिओ लावला आणि मलाही त्यात घेतलं. ती मागावर बसलेली होती.

"चार वाजून वीस मिनिटं झाले, आई," मामा म्हणाला.

"झाले. मी मायंच सिम मायाच हातानं पुसलं, मीच नवं घातलं. कोणाले विचारलं नाही."

"मावशी तर म्हणे तू आंघोळ करून राहिली."

"ईनबाई चांगल्या घरच्या आहे, त्यायले खोटं बोलता येत नाही. त्यायले काही म्हणू नको."

"अट रोज चारची होती ना, आई."

"तू दहावीपर्यंत रोज उशिरा घरी यायचा. मी तुयं खेळणं बंद केलं काय गा?"

पडद्यावर मामासमोरचा चहा दिसत होता, वर साय धरलेली. मग त्याने वेगळंच विचारलं. "आई, तुले माग अजून येते?"

"पायाले आठवते," ती म्हणाली, आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकला. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. खट्, खट्. मामा पाहत राहिला. त्याने आपल्या आईला गादीवर बसलेलंच पाहिलं होतं. मागावर कधी नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "तिकीट मी काढू, की तेही तूच काढशील?"

तिने स्वतःच काढलं. मी येणार नाही. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांना एवढ्या लांबची परवानगी दिली नाही, आणि माझ्यात तिच्याइतकी भांडायची ताकद नाही. व्हिएतनामहून आल्यापासून तिने अजून एक सवय लावून घेतली आहे. आम्ही चार गल्ल्यांच्या अंतरावर राहतो, तरी रोज चार वाजता ती मला फोन करते. "सराव," म्हणते. मी चहा ओतते, तिकडे तीही ओतते, आणि आम्ही काहीच खास बोलत नाही.

ती आली की तुमच्या घरातले दिवे जातील, फ्रिज बंद पडेल, गरम पाणी मिळायचं नाही. रागावू नका, एखादा स्विच तिला बंद करायला मोकळा ठेवा. पण तिच्या फोनमधल्या ई-सिमला तिने हात लावला तर तेवढं मात्र अडवा. इथे चार वाजता माझा चहा ओतलेला असेल.