परातीच्या मापाने बाबा

१२ मे. सकाळी नऊलाच लू सुटलेली, आकाश पांढरंफटक, कूलर गरम वारा फेकतोय.

या, बसा. चहा होईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. हसायला हरकत नाही. मलाच अजून नीट हसता येत नाहीये.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, वर्षाच्या लग्नाची एक डीव्हीडी आमच्याकडे आहे. बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते चालताना, बोलताना दिसतात ते फक्त त्या डीव्हीडीत. आमचा प्लेअर बंद पडला, तेव्हा आई म्हणाली, "मधू, आता हे मले कसे दिसतीन?" मी म्हटलं, कॉम्प्युटरवर उतरवून देतो, पेनड्राइव्ह टीव्हीला लावायचा.

आता, डीव्हीडीत चित्र दाबून भरलेलं असतं आणि सोबत एक खूण असते. ते किती रुंद उघडायचं हे ती टीव्हीला सांगते. आमच्या शूटिंगवाल्याने खूण चुकीची ठेवली होती. त्यामुळे इतकी वर्षं आमचं सगळं खानदान आडवं फुगलेलं दिसायचं. वरमाला घातलेली वर्षा म्हणजे गादीला हार घातल्यासारखी. आईला त्याचं काही नव्हतं. "सगळेच फुगले ना, मंग मी कायले बोलू?"

मी ठरवलं, उतरवतोच आहे तर दुरुस्तही करू. असल्या गोष्टी मी पुस्तकाविना, करून करून शिकलेला माणूस. जुन्या टीव्हीचं माप चारास तीन. ते टाकलं, माणसं माणसांसारखी झाली. तिथेच थांबलो असतो तर आज तुम्ही नुसता चहा पिऊन गेला असता.

पण मला पुरावा लागतो. चित्रात एखादी गोल वस्तू शोधायची, पडद्याला पट्टी लावायची, उंची-रुंदी सारखी आली की माप बरोबर. मंडपात मागच्या भिंतीला पितळी परात उभी टेकवलेली होती, कन्यादानाला पाय धुण्यासाठी घासून ठेवलेली. पट्टी लावली. परात आडवी लांबट भरली.

तुम्ही काय म्हणाला असता? परात गोलच असते. मग चूक चित्राची. मी चित्र आणखी दाबत गेलो, परात अगदी चंद्रासारखी गोल होईपर्यंत.

बाबांच्या पुण्यतिथीला सगळे जमले तेव्हा मी ते लावलं. दुर्ग शहराहून आलेली आत्या खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली. "अगं बाई, मी अशी शिडशिडीत होती? पोट्ट्या, हे मले आजच्या आज दे." मी पन्नाशीचा, पण आत्यासाठी पोट्टाच. वर्षाही खूश. सगळ्यांना मी पेनड्राइव्ह वाटले, मिठाई वाटावी तसे.

आई मात्र टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बाबांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे इतके वाळले नव्हते रे."

आणि मी, पट्टीवाला, सगळ्यांसमोर म्हणालो, "आई, तुला आठवत नाही. मी मोजलंय."

"असन बा," ती म्हणाली. "लय वर्ष झाले."

हे एवढ्यावर संपतं तर बरं होतं. पण चार दिवसांनी शेजारच्या साहू दीदींनी मला फाटकातच अडवलं. "भैया, बाबूजी ला काबर दुबर कर देव? अम्मा सबको पूछ रही है, क्या बीमार थे शादी में।" बाबांना असं वाळकं का करून टाकलं, हा दीदींचा सवाल. म्हणजे आई आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात दारोदार विचारत होती, की लग्नात हे खरंच इतके खंगलेले होते का. मी दीदींनाही माप समजावून सांगितलं. त्यांनी "हव", म्हणजे हो, एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "पोरीच्या लग्नाच्या धावपळीत मीच ह्यांच्या जेवणाकडं पाह्यलं नाही वाटते."

मी काय म्हणालो? "आता त्याचं काय, आई." तिचं काही चुकलं नाही, एवढंसुद्धा म्हणालो नाही.

परवा कुरडयांचा चीक शिजवायला गहू भिजवले होते. ऊन कडक, कावळे टपलेले. आई म्हणाली, पिंपावर काहीतरी झाक. मी माळ्यावरून तीच परात काढली आणि पिंपावर ठेवली. दोन बाजूंनी ती बाहेर आली, आणि उरलेल्या दोन बाजूंनी आतले गहू दिसत राहिले.

मी फिरवून पाहिली. पुन्हा फिरवली.

"काहून खेळून राहिला तिच्याशी?" आई म्हणाली.

"ही गोल नाही."

"गोल कुठची? लग्नाच्या आधी बाजारातून आणताना रिक्षाखाली आली ना. कासारानं ठोकून देल्ली. मी म्हटलं, नवी आणा. हे म्हणे, पाणी धरते ना? मंग हीच चालते."

मी पट्टी आणली. ती परातीला लावली, यावेळी खऱ्या परातीला. आई बघत होती. मग तिने विचारलं, "ह्यांना याच्यावरून मोजलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

"माणसाले परातीवरून मोजते का कोणी?" ती म्हणाली आणि कावळा हाकायला उठली.

संध्याकाळच्या आत फाईल पुन्हा केली. चारास तीन, त्यापुढे बोट लावलं नाही. बाबा जसे होते तसे आले. भरलेले गाल, शर्टाच्या बटणांवर ताण.

मग फोन करून सगळ्यांना कळवलं, जुनी फाईल पुसा, नवी पाठवतो. आत्या म्हणाली, "मले दुरुस्त नको करू बापा. मी त्याच्यातच बरी दिसून राहिली." वर्षानेही नको म्हटलं, तिने त्यातला स्वतःचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

नवी फाईल एकट्या आईने घेतली. काल दुपारी तिने पंगतीचा भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. त्यात बाबांनी जिलेबी दोनदा मागून घेतली आहे.