टिचकी

जपानातल्या मिनोच्या शिगेनोबाईंनी हिरव्या झिलईचे ओरिबे वाडगे घडवण्यात उभा जन्म घालवला, पण भट्टीतून निघालेल्या वाडग्याला टिचकी मारायची छाती त्यांना कधी झाली नाही. आवाज बद्द आला की वाडगा तडकलेला, आणि वडिलांच्या नेमाप्रमाणे त्यावर हातोडा. म्हणून टिचकी त्यांचे यजमान कुनिओ मारत. बाई तेवढा वेळ अंगणात थांबत.

आज बाहेर बर्फ होता, म्हणून त्या आतच राहिल्या. टिचकी बसली. आवाज बद्द आला.

"खणखणीत! उगाच घाबरतेस," कुनिओ म्हणाले.

"अहो, नीट ऐकलंत ना?" बाईंनी त्यांच्या पाठीमागून विचारलं. पुन्हा, मोठ्यांदा विचारलं. कुनिओंनी प्रसन्न मुद्रेने पुढचा वाडगा उचलला.

बाई मागे वळल्या. उद्याच्या प्रदर्शनाचे वाडगे फळीवर ओळीने मांडलेले होते, सगळे कुनिओंनी पास केलेले. बाईंनी आपलं बोट पहिल्याकडे नेलं.