उतार पाहणारा माणूस

धुळ्याला आमच्या गल्लीत नळकाम करणारे ते गृहस्थ कोणत्याही घरात शिरले की आधी फरशीवर तांब्याभर पाणी ओतीत आणि ते कोठे वाहते, हे स्वप्नात असल्यासारखे पाहत बसत. तोवर त्यांना हाक ऐकू येत नसे.

आईचे गुडघे गेले होते. अंगणापलीकडच्या संडासापर्यंत तिला धरून न्यावे लागे आणि तिला त्याची लाज वाटे. तिच्या खोलीतच संडास केला, तर मैल्याच्या नळाला उतार मिळणार नाही, असे आम्ही गृहीत धरले होते. म्हणून मेहुण्यांनी परदेशातून मैला दळून पुढे ढकलणारे विजेचे यंत्र आणले. गृहस्थांनी बटण दाबताच ते गुरगुरले. आई दचकली.

"आक्का, हाई ते बठ्ठी गल्लीले सांगी दी!" साऱ्या गल्लीला कळेल, असे म्हणत ते हसले. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, दुपारले लाइट जास. तवय आक्का काय करी?"

मी बटण बंद केले.

"उतारले लाइट लागत नही."

यंत्र पेटीत ठेवून त्यांनी चार दिवस भिंतीखालून चर खणला, हात-हात अंतरावर पाणी ओतून पाहत. शेवटी पाणी आपोआप बाहेर वाहिले.

खोलीच्या कोपऱ्यात आडोसा करून कमोड बसल्यावर आई एकटी आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला, आणि ते गृहस्थ आणि मी अंगणात निघून गेलो.