जिभेला चिकटलेलं हाड

आमी चौघं हुतो. मी, माजी थोरली जाऊ सरू, गाडीवाले म्हादूभाऊ आन् पुण्याच्या कालेजातले मास्तर. लढाईचं साल हुतं. सुगी उरकली आन् कुरवंड्यास्नं गाडी निघाली, नदीच्या कडंकडंनं कामशेताकडं.

मास्तरांना लय जुन्या माणसाचं हाड पायजे हुतं, आपल्या सगळ्यांच्या आधीच्या. म्हणायचे, "काळ्या कातळात मिळायचं नाही, मावशी. तो आगीतून आलाय. नदीनं गाळाखाली झाकलं असेल तरच हाड टिकतं."

आमी दोघी माती चाळायला. पर मी गेलते दुसऱ्याच कामाला. पयले रस्त्याची खडी फोडायच्या कामावर असताना माजी वर्साची लेक तापानं गेली. त्याच काठाला, उंबराखाली पुरली. दुसऱ्या दिवशी मुकादमानं टोळी फुडं हलवली, परत जाणं झालं न्हाई. मास्तरांची कुदळ तिच्यावर पडू न्हाई, येवढ्यासाठी गाडीत बसले.

वाटंत चाकाची खीळ पडली. मास्तरांनी घटकाभर रस्ता धुंडाळला. गावली सरूला.

"पुण्याचं शिक्षण," म्हादूभाऊ म्हणले.

मास्तरच पयले हसले.

काठावर उतरलो. दरडीत (नदीनं कापलेल्या कडंत) जे मिळंल ते मास्तर जिभेला लावायचे. म्हादूभाऊ म्हणले, "सरूबाई, भाकरी सोडा लवकर. मास्तर दगडं चाटाया लागलं."

"जुन्या हाडाचा दगड होतो, भाऊ. तो जिभेला चिकटतो. ताजं हाड चिकटत नाही."

सरूनं येक गोटा चाटला. "ह्योबी चिकटतोय की."

"आदी तोंडातली मिसरी धू," मी म्हणले.

तिसऱ्या दिवशी उंबर दिसला. मी मुद्दाम त्याच अंगाला बसले. दुपारी चाळणीत हाड आलं. बारीक, लेकराच्या हाताचं वाटावं असं. कुणाला हाक मारली न्हाई. नदीवर चूळ भरली, हाड धुतलं आन् जिभेला लावलं.

चिकटलं.

मी बसल्या जागी हसाया लागले. मास्तर पळत आले, हाड फिरवून फिरवून बघितलं.

"हरणाच्या पाडसाचं आहे. माणसाचं नाही."

"न्हाई ना? बरं झालं," मी म्हणले, आन् सगळं सांगितलं.

मास्तरांनी खणायचा चर लांब, वरच्या अंगाला घेतला, आन् त्यांच्या नकाशात उंबरापाशी फुली मारली. "इथं कुणी खणायचं नाही, मावशी." सरूनं तितं तीन गोटं मांडलं.

जुना माणूस काय गवसला न्हाई. मास्तर रिकाम्या हातानं परत निघाले, मी भरल्या मनानं. गाडीत वाटलं, त्यो गवसला आसता तर त्योबी कुण्या बाईनंच मातीआड केलेला निघाला आसता.

आता उंबर हाय का पडला, ठावं न्हाई. वाचणाऱ्यानं येवढंच करावं. कामशेताखाली नदीच्या काठाला तीन गोटं दिसलं, तर हलवू नका.